ओझेलाच्या घरातला वाडगा

ड्रायर जागेवर नव्हता.

लिओथा ग्रायर मागच्या पडवीच्या दारातच थबकली. काल ज्या भिंतीला कपडे वाळवायच्या त्या यंत्राचं पांढरं धूड टेकून उभं होतं, तिथे आता धुळीची चौकोनी खूण आणि एक एकटा मोजा एवढंच उरलं होतं. आत दिवाणखान्यात लोकांची झुंबड उडाली होती. कुणी दिव्यांच्या शेड उलट्या करून बघत होतं, कुणी बशीच्या बुडाला नख लावत होतं. जॉर्जियातल्या मेकनमधला शनिवार म्हणजे अर्ध्या किमतीचा दिवस.

"ममा, अशी खांबासारखी काय उभी राहिलीस?" जोरेटा मागून आली. "वाडगा घे आणि चल. उकाड्याने जीव जातोय माझा."

"ड्रायर गेला."

"जाऊ दे की. आपल्याला कुठे हवाय ड्रायर?"

 लिओथा पर्सचे बंद दोन्ही हातांनी पिळत राहिली. जोरेटाने आईकडे पाहिलं, मग धुळीतल्या त्या चौकोनाकडे, मग पुन्हा आईकडे.

"नाही," ती म्हणाली. "ममा, तू तसलं काही केलेलं नाहीस. नाही म्हण."

"मऊ चेनीलच्या चादरीत नीट गुंडाळून आत ठेवला होता."

"अरे देवा!"

"देवाचं नाव उगाच घेऊ नकोस."

"उगाच घेत नाहीये, मनापासून हाक मारतेय त्याला!"

यात लिओथाचा दोष होता असं तिला स्वतःला तरी वाटत नव्हतं. माणूस गेलं, मागे घर सांभाळणारं कुणी नसलं, की सामानाला चिठ्ठ्या लावून दारं उघडी टाकायची, हा इथला रिवाज. शुक्रवारी चिठ्ठीवरची किंमत, शनिवारी तिच्या निम्मी. चाळीस वर्षं लिओथा असल्या सेलना जात आली होती, आणि चाळीस वर्षांत शुक्रवारच्या भावाने तिने साधा चमचासुद्धा घेतला नव्हता. शुक्रवारी यायचं ते हेरायला. जे आवडेल ते दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी सरकवायचं, ओव्हनमध्ये, पिठाच्या डब्यामागे, गादीखाली. शनिवारी पहाटेच नंबर लावायचा, आत शिरायचं, आणि आपण ठेवलेलं आपण उचलायचं. सेलवाल्या बायका डोळे वटारायच्या, पण हा खेळ सगळेच खेळायचे, आणि त्यात लिओथाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण या वाडग्याची गोष्ट निराळी होती. तो सरबताचा मोठा कातीव काचेचा वाडगा तिच्या आईचा होता. आईने, सगळ्यांच्या मिस युनिस मेबरीने, दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्र्या करून चार मुलं वाढवली. तिच्या घरातली कपाटं, खुर्च्या, पातेली, सगळं कुणाचं तरी वापरून झालेलं. आयुष्यात तिने नवीकोरी, पेटीबंद, दुकानातून अशी एकच वस्तू आणली, ती म्हणजे हा वाडगा. घरातल्या प्रत्येक लग्नात तो मधल्या टेबलावर यायचा, आल्याचं सरबत आणि अननसाचा रस काठोकाठ, वर हिरव्या बर्फमलईचे गोळे तरंगायचे. लिओथा त्यातलंच पिऊन सासरी गेली, तिची धाकटी बहीणही. आणि अशा वस्तूला परक्या बाईने दोरा बांधून चिठ्ठी लटकवली होती.  काल ती बघून लिओथाने सेलवाल्या मिसेस हॅडलीला शांतपणे विचारलं, काही कमी होईल का? "उद्या अर्धी," मिसेस हॅडली म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आईची वस्तू, आणि तीही पूर्ण किंमत मोजून? तसं केलं तर ती या घरच्या, नुकत्याच वारलेल्या ओझेलाची होती असं कबूल केल्यासारखंच झालं असतं. लिओथाने वाडगा चादरीत गुंडाळला आणि मागच्या पडवीतल्या ड्रायरमध्ये दडवला.

मिसेस हॅडली दाराशी छोट्या टेबलामागे बसली होती, गळ्यात चष्मा, हाताशी बर्फाच्या चहाचा ग्लास.

"तो ड्रायर कुणी नेला?" लिओथाने विचारलं.

"काल बंद करता करता गेला. एक उंच माणूस पिकअप घेऊन आला होता." तिने खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या चाळल्या. मोठ्या वस्तूच्या चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग फाडून इथे जमा करायचा आणि त्यावर घेणाऱ्याचं नाव लिहायचं, अशी पद्धत. "हे बघा. स्टॉलवर्थ."

जोरेटाने कपाळावर हात मारला. स्टॉलवर्थ म्हणजे व्हर्डेल. लिओथाची पाठची बहीण.

अकरा वर्षांपूर्वी व्हर्डेलनेच हा वाडगा चुलत बहीण ओझेलाला तिच्या दुसऱ्या लग्नासाठी दिला होता, लिओथाला न विचारता. लग्न झालं, वाडगा काही परत आला नाही. ओझेला म्हणायला लागली, युनिस काकूने मला तोंडी दिला होता. लिओथाने ओझेलाला एक शब्द ऐकवला नाही, सगळे शब्द व्हर्डेलला ऐकवले. तेव्हापासून दोघी एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसत. समोर आल्याच तर व्हर्डेल मान किंचित लववून म्हणायची, "मिसेस ग्रायर." सख्ख्या बहिणीला! आता ओझेला गेली, अटलांटातल्या तिच्या सावत्र मुलाने घरात पाऊलही न टाकता सगळं विक्रीला काढलं, आणि पुढच्या महिन्यात जोरेटाच्या मुलीचं, सिमोनचं, लग्न होतं. आज वाडगा घरी येणार या कल्पनेने लिओथाने काल चांदी उजळायची महागडी पॉलिश आणून ठेवली होती. काचेच्या वाडग्याला चांदीची पॉलिश कशाला, हे तिलाच विचारावं लागलं असतं. उत्तर साधं होतं, त्याचा सरबत वाढायचा पळा चांदीच्या मुलाम्याचा होता.

"आज वार काय?" लिओथाने एकदम विचारलं.

"शनिवार."

"शनिवारी ती चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणाऱ्या अशर बायकांचे पांढरे पोशाख धुते. सगळ्यांचे. रविवारसाठी." तिचा आवाज चिरकला. "जोरेटा, ती तो ड्रायर लावणार!"

मिसेस हॅडलीच्या टेबलावरचा फोन तिने न विचारताच ओढला. व्हर्डेलचा नंबर अकरा वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, पण बोटांना पाठ होता. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज.

"बोलत बसली असेल चर्चमधल्या सिस्टर ओडमशी! या बाईला फोन कधी सुटलाय?"

"चल गाडीत," जोरेटा म्हणाली.

गाडी सुटली तेव्हा लिओथाचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती, पण मध्येच जोरेटाला म्हणायची, "डावीकडून घे," आणि पुन्हा प्रभूकडे वळायची.

"माझ्याच हाताने, जोरेटा. आईचा वाडगा मी माझ्याच हाताने त्या लोखंडी पिंपात घातला. गरगर फिरेल तो. काचांचे तुकडे व्हर्डेलच्या पोशाखांत सापडतील. ती काय म्हणेल?"

"मावशी काय म्हणेल याचीच काळजी आहे ना तुला? वाडग्याची नाही?"

"दोन्हींची! एका वेळी दोन काळज्या करता येतात मला. तू माझ्याच पोटी आलीस ना?"

सिग्नलला गाडी थांबली. लिओथाला गेला रविवार आठवला. पाळक टॉलिव्हर येशूच्या हरवलेल्या नाण्याच्या दृष्टांतावर, एका नाण्यासाठी घर झाडून काढणाऱ्या बाईच्या गोष्टीवर, बोलायला उभे राहिले होते. आधी नुसतं बोलले. मग बोलता बोलता गळ्यात सूर उतरला, मागून ऑर्गनने तो झेलला, आणि कीर्तन रंगावं तसा उपदेश गायला लागला. "दिवा लाव, बाई!" "लाव!" म्हणून अख्खं चर्च. "झाडू घे, बाई!" "घे!" "कोपरा सोडू नको, बाई, कोपरा सोडू नको!" लिओथा उभी राहून हातातला पंखा उंच करत ओरडली होती, "हो, प्रभू!" आणि नेमक्या त्याच क्षणी चर्चच्या दुसऱ्या टोकाकडून तस्साच आवाज आला होता, "हो, प्रभू!" आईचाच आवाज, दोन गळ्यांतून. लिओथाने तेव्हा तिकडे बघायचं टाळलं होतं. मनात म्हणाली होती, देवा, कळलं रे, तू वाडग्याविषयी बोलतोयस.

"हिरवा पडला, ममा. डोळे उघड."

व्हर्डेलच्या मागच्या अंगणात तिच्या मुलाची, क्विन्सीची, पिकअप उभी होती. गाडी पुरती थांबायच्या आतच लिओथाने दार उघडलं. अडुसष्ट वर्षांची बाई, चर्चचे चांगले बूट घालून आलेली, गवतातून अशी धावली की शेजारचं कुत्रं भुंकायचं विसरलं. पायरी चढताना तिला आतून आवाज आला, धडधड, धडधड, कुठल्याशा पिंपात काहीतरी आपटत गरगर फिरत होतं.

"बंद कर!" ती दारातूनच किंचाळली. "क्विन्सी, बंद कर ते!"

तिचा भाचा क्विन्सी जमिनीवर पालथा पडून भिंतीतल्या सॉकेटकडे बघत होता. त्याने दचकून डोकं वर केलं ते फळीला लागलं.

"आई गं! लिओथा मावशी? तू? इथे?"

"यंत्र बंद कर आधी!"

"अगं ते धुण्याचं आहे, जुनंच. कपडे पिळतंय." त्याने डोकं चोळत शेजारच्या ड्रायरवर थाप मारली. "हा कुठला चालू होतोय! याच्या प्लगला चार पाय, आणि आमच्या भिंतीत भोकं तीनच. कालपासून मुका बसलाय नवरदेवासारखा. मी आता वायर आणायलाच निघालो होतो."

 लिओथा तिथेच कपड्यांच्या टोपलीच्या काठावर बसली. "तीनच भोकं," ती म्हणाली. "देवा तुझे उपकार. तीनच भोकं."

मग तिने पुढे वाकून ड्रायरचं दार उघडलं. आत चादरही नव्हती, वाडगाही नव्हता.

"मिसेस ग्रायर."

स्वयंपाकघराच्या दारात व्हर्डेल उभी होती. केसांना रोलर, अंगावर घरचा झगा, आणि कानाला लांब वायरीचा फोन. फोनमधून पलीकडे वाजणारी घंटी लिओथाला इथपर्यंत ऐकू येत होती.

"सिस्टर ओडमला सांग नंतर बोलते म्हणून," लिओथा तुटकपणे म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"कोण ओडम?" व्हर्डेलने फोन तिच्यापुढे धरला. "तुझ्या घरची घंटी आहे ही. पहाटेपासून लावतेय. उचलशील तर शपथ! मला वाटलं, मुद्दाम उचलत नाहीस."

"मी घरात कुठे होते? नंबर लावायला गेले होते पहाटे. आणि माझ्या घरी फोन करायला तुला कसं कळणार होतं की..." लिओथा थांबली.

"कसं कळणार? ड्रायरचं दार उघडलं, आत चेनीलची चादर, चादरीत आईचा वाडगा, आणि पळ्याला पायमोजा चढवलेला. साऱ्या जॉर्जियात पळ्याला पायमोजा चढवणारी बाई कोण, हे मला कळायला देवदूत खाली यावा लागतो का?"

"आईच चढवायची," लिओथा पुटपुटली.

"आई चढवायची, आणि आता तू चढवतेस. मी नाही चढवत. मी वर्तमानपत्रात गुंडाळते."

वाडगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. धुऊन, पुसून, खाली स्वच्छ टॉवेल अंथरून उपडा घातलेला. खिडकीतून ऊन येऊन काचेच्या कातीव नक्षीतून फुटत होतं, आणि टेबलावर मुलांनी रंगीत खडू सांडावेत तसे ठिपके पडले होते. चिठ्ठी तेवढी तशीच लटकत होती. लिओथाने काठावरून बोट फिरवलं. एकही टवका उडालेला नव्हता. मग मात्र तिला हुंदका आवरेना. पर्समध्ये रुमाल शोधायला लागली तर व्हर्डेलने पेपर टॉवेल फाडून तिच्या हातात कोंबला.

"रडून घे, मग खा. डब्यात केक आहे."

"कुठला?"

"पाउंड केक. लोणी घालून केलेला. तुझ्यासारखा मार्गारीनचा नाही."

जोरेटा आणि क्विन्सी दारातून आत बघत होते, फटाक्याची वात संपली की नाही याचा अंदाज घेणाऱ्या पोरांसारखे.

"बरं झालं," क्विन्सी हळूच म्हणाला. "वाडगा घरचा घरी आला. सिमोनचं काम झालं."

"काही झालेलं नाही," व्हर्डेलने त्याला तिथेच तोडलं. "चिठ्ठी दिसत नाही तुला? याचे पैसे दिलेले नाहीत. मी ड्रायरचे दिलेत. चोरीचा माल माझ्या टेबलावर रात्रभर बसलाय आणि मी अशर मंडळाची अध्यक्ष आहे."

लिओथाने नाक पुसलं. "चोरीचा? आईचा वाडगा आहे तो! ओझेलाने चोरला, म्हणून आपण परत घेतला."

"आणि सेलचा नियमच आहे," क्विन्सी म्हणाला. "पेटी घेतली की पेटीत जे असेल ते घेणाऱ्याचं. मावशीनेच मला शिकवलंय."

"शाबास, बाळा!"

"बाळा काय? ममा, व्हर्डेल मावशी बरोबर बोलतेय," जोरेटा म्हणाली. "आत जे होतं ते तूच घातलं होतंस. नियम कसला त्यात?"

"म्हणजे तू तिच्या बाजूने?"

"आणि तू स्वतःच्या आईच्या विरुद्ध?" व्हर्डेल क्विन्सीवर कडाडली. "माझं खाऊन?"

क्षणभर कुणाचं पोर कुणाकडे हेच कुणाला कळेना. जोरेटाला हसू फुटलं. ते दाबायला गेली तर नाकातून आवाज आला, आणि क्विन्सीही हसायला लागला. दोघी म्हाताऱ्या मात्र हसल्या नाहीत. व्हर्डेलने खुर्ची ओढली आणि लिओथाच्या समोर बसली.

"तू मला एकदाही विचारलं नाहीस, मी तो का दिला."

"तुला माझ्यावर कुरघोडी करायची होती म्हणून."

"ओझेला साठीला आलेली. दुसरं लग्न. तिच्याकडचं कुणी येणार नव्हतं, सगळे हसत होते. तूसुद्धा. या वयात कसला वाडगा नि कसलं सरबत, असं तू बोललीस, माझ्यासमोर. मला वाटलं, आई असती तर तिने काय केलं असतं?"

 आईने काय केलं असतं ते लिओथाला चांगलं ठाऊक होतं. आईने वाडगा दिला असता, वर सरबतही करून दिलं असतं.

"आणि परत मागायला मी गेले होते," व्हर्डेल म्हणाली. "एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पडद्याआड तिची सावली दिसायची, पण दार उघडायची नाही. शेवटी रस्त्यातून मोठ्याने म्हणाले, ओझेला, त्या वाडग्यापायी माझी बहीण मला दुरावली. तरी नाही उघडलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणाली असतीस?"

लिओथाने खरंच विचार केला. "म्हणाले असते, बघ, मी आधीच सांगितलं होतं."

"हां. तेच ऐकायचं नव्हतं मला."

"पण म्हणाले असते आणि तुझ्याबरोबर गेलेही असते. तिच्या दारात खुर्ची टाकून बसले असते."

"ते माहीत आहे," व्हर्डेल म्हणाली, आणि तिचा चेहरा विरघळला. "तेवढं माहीत होतं, ताई. म्हणून तर जास्त राग यायचा."

अकरा वर्षांनी निसटलेला तो 'ताई' शब्द दोघींनी ऐकला, आणि दोघींनीही न ऐकल्यासारखं दाखवलं. लिओथाने केकचा डबा पुढे ओढला. केक खरंच लोण्याचा होता. तिने तो मुकाट्याने खाल्ला आणि दुसरा तुकडा घेतला. व्हर्डेलला एवढी पावती पुरेशी होती.

"चल तर," लिओथा शेवटी उठत म्हणाली. "केसांतले ते रोलर काढ. पैसे देऊन येऊ. आज अर्धी किंमत आहे."

"कालची किंमत द्यायची."

"का म्हणून?"

"कारण तू दडवला नसतास तर तो कालच कुणीतरी कालच्या किमतीला नेला असता. प्रभू बघत होता."

"प्रभूने कधी सेलमध्ये खरेदी केली आहे का?" लिओथा म्हणाली, पण तिचा जोर ओसरला होता. पूर्ण किंमत! चाळीस वर्षांची तिची पुण्याई एका सकाळी वाहून चालली होती.

ओझेलाच्या घरी आता गर्दी पांगली होती. मिसेस हॅडलीने आधी वाडगा बघितला, मग तो कवटाळून उभ्या असलेल्या लिओथाकडे चष्म्यावरून बघितलं, आणि ओठ आवळले. काहीतरी बोलायचं तिने ओठांवरच अडवलेलं दिसत होतं.

"कालच्या भावाने," व्हर्डेलने जाहीर केलं. तिने स्वतःची पर्स उघडली आणि अर्धे पैसे टेबलावर ठेवले. "माझा वाटा. आई काही तुझ्या एकटीची नव्हती."

लिओथाने उरलेले अर्धे ठेवले. नोटेवरून हात काढताना तिची बोटं मध्येच थांबली. तिने बहिणीकडे वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत गेलं की जोरेटा घाबरून पुढे आली.

"व्हर्डेल," लिओथा म्हणाली, "मला तो अर्ध्या किमतीतच पडला."

व्हर्डेलने एकदा नोटांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग ती अशी हसत सुटली की तिला टेबल धरावं लागलं. लिओथाही हसायला लागली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर कोसळत होत्या, मध्ये वाडगा, आणि जोरेटा दोन्ही हात खाली धरून ओरडत होती, "सांभाळा! अगं बायांनो, सांभाळा!" मिसेस हॅडलीने चहाचा ग्लास बाजूला सरकवला आणि तीही हसली, कशाला हसतोय हे न कळता.

श्वास ताळ्यावर आल्यावर व्हर्डेलने डोळे पुसले. "काय तरी जुन्या कचऱ्यात जीव रमतो तुझा," म्हणत तिने सहज आत नजर टाकली. सहजच दोन पावलं आत गेली. मग झोपायच्या खोलीतून खाडखुड ऐकू आली, खण ओढल्याची, डबे हलवल्याची.

"मावशी गेली कामातून," जोरेटा म्हणाली.

"ताई!" आतून हाक आली. पहिल्या हाकेनंतर दम न खाताच दुसरी. "ए ताई, इकडे ये लवकर! ही टोपी बघ, पिसांची! चिठ्ठीच नाहीये हिला, काय करायचं असतं गं अशा वेळी?"

लिओथाने जोरेटाच्या हातांत वाडगा दिला. "जपून धर" असं म्हणायचंही तिला सुचलं नाही. ती पुढे निघाली, उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांतून वाट काढत, मोठ्याने ओरडत, "हात लावून ठेव! कुणी मागितली तर सोडू नकोस! आलेच मी!"